पिक्सारचे नवे अ‍ॅनिमेशन सिनेमे थेटरात का चालत नाहीयेत?

रविवारचा_शो:
मागच्या वर्षी लेकीला घेऊन 'एलिओ' बघायला गेलो होतो, हॉलमध्ये आम्ही धरून जेमतेम दहा माणसं. पिक्सारच्या इतिहासातलं सगळ्यात कमी ओपनिंग झालं म्हणे त्याचं. आणि २०२४ मध्ये त्यांच्याच 'इनसाइड आऊट २'ने दीड अब्ज डॉलरच्या वर कमावले! लोकांना नवीन गोष्ट नकोच झालीय का?

चित्रवेडी:
नकोशी नाही झाली हो, घरी बघायची सवय लागलीय आणि ती पिक्सारच्या मालकाने, डिस्नेनेच लावली. 'सोल', 'लुका', 'टर्निंग रेड' हे तिन्ही २०२० ते २२ मध्ये अमेरिकेत थेट डिस्ने प्लसवर टाकले, आपण पण हॉटस्टारवरच पाहिले ना. पालकांना कळलं की थांबलं की घरी येतंच, मग चार तिकिटं आणि पॉपकॉर्नचा खर्च कोण करेल? पार्ट टूसाठी मात्र पोरंच हट्ट करतात, म्हणून स्टुडिओ आता तेच काढतात. डिस्नेचाच 'मोआना २' आधी ओटीटीची सिरीज होती, तिचा सिनेमा केला आणि तो चालला.

निबपेन:
+१, पण 'एलिमेंटल' विसरू नका. २०२३ ला अमेरिकेत पहिल्या वीकेंडला ३० मिलियन पण नाही झाले, सगळ्यांनी फ्लॉप म्हणून टाकलं, आणि मग माऊथ पब्लिसिटीवर आठवडेच्या आठवडे चालत राहिला, कोरियात तर जोरात, शेवटी जगभरात पाचशे मिलियनच्या जवळ गेला.
मला राग याचा येतो की सिनेमा आपटला की भलत्याच गोष्टीवर खापर फोडायचं, हे डिस्नेने आधी पण केलंय. २००२ ला 'ट्रेझर प्लॅनेट' आपटला आणि मग हळूहळू हाताने काढलेलं टूडी बंदच केलं, पब्लिकला आता कॉम्प्युटरवर बनवलेलं थ्रीडी हवं म्हणून. अरे पण त्याच वर्षी 'लिलो अँड स्टिच' टूडीच होता की, तो चालला! पेन्सिलचा काय दोष? इतके कसलेले आर्टिस्ट घरी बसले. २००९ ला परत एक टूडी केला, तो हवा तेवढा चालला नाही म्हटल्यावर पुढच्या 'रॅपन्झेल'चं नाव बदलून 'टँगल्ड' केलं, मुलगे यावेत म्हणून.

रविवारचा_शो:
लिलोचं लक्षातच नव्हतं आलं. 'एलिमेंटल' लेकीने पाहिलेला नाही, या शनिवारी लावतो. आणि पुढचा नवीन आला की पहिल्याच आठवड्यात थेटरला नेणार तिला.