शाळेच्या व्हॅनचे काका गाडी चालवताना फोन का सोडत नाहीत?

धायरीची_आई

नमस्कार. मुलगी तिसरीत आहे. धायरीहून सिंहगड रोडवरच्या शाळेत व्हॅनने जाते. काका माणूस म्हणून चांगले आहेत, हे आधीच सांगते. पावसात मुलं भिजू नयेत म्हणून गाडी सोसायटीच्या आत घेतात, एखादं मूल रडत असेल तर त्याला पुढे आपल्याशेजारी बसवतात. पण गाडी चालवताना हातातला फोन सुटत नाही.

परवा मी स्कूटरवर त्यांच्या मागेच होते, मग शेजारून पुढे जाताना नीट बघितलं. उजवा हात स्टिअरिंगवर, डाव्या हातात मांडीजवळ फोन, मान खाली, अंगठा स्क्रीनवर. वडगावला पुढची पीएमपी बस थांबली आणि यांनी करकचून ब्रेक दाबला. व्हॅनमधली सगळी डोकी एकदम पुढे झुकली. माझ्या पोटात गोळा आला.

संध्याकाळी बोलले त्यांच्याशी. म्हणाले, ‘ताई, बोलत नव्हतो हो, नुसता मेसेज बघत होतो.’ खोटं नव्हते बोलत. त्यांना मनापासून वाटतं की कानाला लावला तरच तो वापर, नुसतं बघणं त्यात येत नाही.

दंड होतो हे त्यांना माहीत आहे, अपघात होतात हेही माहीत आहे. त्यांची स्वतःची मुलगी त्याच व्हॅनमध्ये बसते! तरीही का? मला भांडण नकोय, कारण समजून घ्यायचंय. जे रोज गाडी चालवून पोट भरतात त्यांनी सांगा. आणि नेमकं काय केलं की फरक पडतो, तेही.

औंधकर

थेट आरटीओकडे तक्रार करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात फोन धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. ३ वर्षांत पुन्हा सापडले तर १०,००० रुपये. सूट आहे ती फक्त मॅपवर रस्ता बघण्यापुरती, आणि तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. रोजच्या ठरलेल्या रस्त्यावर मॅपचं कारण चालणार नाही. लहान मुलांचा प्रश्न आहे, चांगला माणूस वगैरे बघू नका.

विंगरवाला_हडपसर

ताई, मी स्वतः शाळेची मुलं नेतो. तुमच्या काकांची बाजू घेत नाही, पण कारण विचारलंत म्हणून लिहितो.

सकाळी साडेसहा ते आठ फोनवर कोण असतं? पालक. ‘काका, कुठे पोचलात?’ ‘काका, दोनच मिनिटं, दूध पितोय.’ ‘काका, आज ती येणार नाही, ताप आहे.’ हा शेवटचा मेसेज बघायचा राहिला तर गल्लीत शिरून हॉर्न वाजवत बसायचं, वरून कोणीतरी हात हलवून ‘नाही, नाही’ करणार, मग रिव्हर्स घेत बाहेर. पुढच्या सगळ्या मुलांना उशीर. शाळेचं गेट बंद झालं की बोलणी मलाच. आणि फोन उचलला नाही तर लगेच ग्रुपवर, ‘व्हॅन कुठे आहे? काका फोन घेत नाहीत.’ एकाने लिहिलं की सगळे सुरू होतात.

त्यात धंदा असा की जूनमध्ये सीट भरल्या तर वर्षभर गाडीचा हप्ता जातो. एखाद्या आईच्या मनात बसलं की हा काका फोन घेत नाही, तर पुढच्या वर्षी तिच्यासोबत बिल्डिंगमधली आणखी दोन मुलं दुसऱ्या व्हॅनला जातात. फोन न उचलल्याचं नुकसान त्याच दिवशी समोर येतं. उचलल्याचं नुकसान रोज दिसत नाही. महिने जातात, वर्षं जातात, काही होत नाही. मग हाताला सवय लागते. फोन वाजला नाही तरी सिग्नलला हात खिशाकडे जातो. तेव्हा पालकांचा काही संबंध नसतो, ती आमची सवय असते. हे पण कबूल केलं पाहिजे.

आमच्याकडे आता असं आहे. सुट्टी असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवायचं. सकाळी आयत्या वेळी ताप आला तर ताईंना फोन. ताई म्हणजे गाडीत मुलांना चढवायला-उतरवायला असतात त्या, ग्रुपवर नंबर त्यांचाच. माझा फोन गाडी सुरू होताना बंद करून पुढच्या कप्प्यात जातो, तो शाळेच्या गेटवर निघतो. स्टॉपवर दोन मिनिटं थांबणार, मग गाडी निघणार. सुरुवातीला फार ऐकून घ्यावं लागलं. एका घराने सीट सोडली. बाकीच्यांची मुलं आता खाली येऊन उभी असतात.

निनाद_के

एवढं कशाला? सगळ्यांनी वर्गणी काढून काकांना चांगला ब्लूटूथ घेऊन द्या. हात मोकळे, विषय संपला.

लीड्सकर

निनाद, विषय संपत नाही, आणि हा गैरसमज खूप जणांचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावून हे तपासलं. हँड्सफ्रीवर बोलणारेही ब्रेक उशिरा दाबत होते, आणि हातात फोन धरणाऱ्यांपेक्षा त्यांची कामगिरी काही बरी नव्हती. रस्त्याकडेच्या ज्या गोष्टींकडे त्यांची नजर गेली होती, त्याही नंतर त्यांना ओळखता येत नव्हत्या. म्हणजे डोळे समोर, लक्ष फोनवरच्या माणसाकडे.

मग शेजारच्या माणसाशी बोललेलं कसं चालतं? तो रस्ता बघत असतो. समोर टँकर वळायला लागला की तो आपोआप गप्प होतो. फोनवरची आई स्वयंपाकघरात असते, तिला टँकर दिसत नाही. ती बोलत राहते.

आणि ‘नुसता मेसेज बघत होतो’ याचा हिशोब काकांना करून दाखवा. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. मेसेज वाचायला तीन सेकंद धरले तर ३३ मीटर गाडी न बघता गेली. शाळेच्या रस्त्यावर ३३ मीटरमध्ये काय काय येतं ते त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

इथे ब्रिटनमध्ये २०१७ पासून हातात फोन दिसला की २०० पाउंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण. लायसन्स मिळून २ वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंटला ते रद्दच होतं. तरी ‘मी बोलत नव्हतो, फोटो काढत होतो’ असं म्हणून लोक सुटायचे. मार्च २०२२ मध्ये ती पळवाट बंद केली. सिग्नलला उभे असलात तरी नियम लागू. माझ्या ओळखीतले लोक २०० पाउंडांना नाही, लायसन्स जाण्याला घाबरतात.

धायरीची_आई

सगळ्यांचे आभार, विंगरवाले दादा, तुमचे विशेष. तुमचं उत्तर मी पालकांच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. आधी शांतता, मग एकीने लिहिलं, ‘मला मूल गाडीत बसलंय एवढं कळलं तरी पुरे.’ तेवढं तर स्टॉपवर सोडायला आलेलं कोणीही ग्रुपवर टाकू शकतं. त्यासाठी चालत्या गाडीत काकांना फोन करायची गरजच नाही.

औंधकर, कायदा हवाच, त्याला माझी ना नाही. पण काकांनी पाच हजार भरले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांना फोन करणारे आम्हीच असणार. आमचे फोन थांबल्यावरही काकांच्या हातात फोन दिसला तर तक्रार मी स्वतः करीन, आणि तसं काकांना तोंडावर सांगून ठेवलंय. २०११ च्या स्कूल बस नियमावलीप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. शनिवारी तिच्यासमोर विंगरवाले दादांचे नियम ठेवतेय. म्हणजे एकट्या काकांवर राग निघणार नाही, नियम शाळेचा राहील.

फक्त एक अडचण. आमच्या व्हॅनमध्ये ताई नाहीत. मुली आहेत म्हणजे त्या असायलाच हव्यात, पण काका म्हणतात परवडत नाही. दादा, तुमच्या ताईंचा पगार कसा निघतो?

विंगरवाला_हडपसर

दर मुलामागे महिन्याला थोडे वाढवून घेतले. आधी कुरकुर झाली, मग ताईंना लहान मुलांचे हात धरून रस्ता ओलांडताना बघितलं तेव्हा थांबली. ताई शाळेजवळच्याच वस्तीतल्या बघा. त्यांना सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास काम मिळतं, मधल्या वेळात घरी जाता येतं, म्हणून टिकतात. आणि शनिवारी काकांनाही बैठकीला घेऊन जा, ताई. फोन कोणाचे येतात ते त्यांच्या तोंडून येऊ द्या.