'शोध समिती', 'हंगामी' आणि 'पारदर्शक' : नेमकं काय म्हणायचं?

पोहेजिलेबी : इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या वाचन मंडळासाठी अमेरिकेतल्या नागरी हक्क संघटनांवर एक टिपण लिहितेय. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी १९०९ सालची संघटना. मे २०१७ मध्ये तिच्या संचालक मंडळानं अध्यक्ष कॉर्नेल ब्रूक्स यांचा करार पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं, नव्या नेत्याचा शोध जाहीर केला आणि शाखाशाखांत जाऊन लोकांचं ऐकून घेऊ असंही सांगितलं. जुलैत मंडळाचेच उपाध्यक्ष डेरिक जॉन्सन तात्पुरते आले आणि ऑक्टोबरात तेच कायम झाले. मी लिहिलं, "कार्यवाहक अध्यक्षांची नियुक्ती, शोध समितीची पारदर्शिता". पुण्याच्या मावशीनं 'कार्यवाहक' आणि 'पारदर्शिता'वर लाल रेघ मारली. इथल्या मैत्रिणीनं 'शोध'वर मारली. आता माझं मराठी आहे तरी कुठलं?

तिळकनगर : इंदूरचंच आहे, ताई, घाबरू नका. आधी 'शोध' घेऊ. हिंदीत शोध म्हणजे आपलं संशोधन, आणि हिंदी संशोधन म्हणजे आपली दुरुस्ती. मैत्रिणीला वाटलं असणार की ही समिती पीएचडीचे प्रबंध तपासते. मराठीत मात्र 'शोध समिती' अगदी रुळलेला शब्द आहे. कुलगुरू नेमायचे असले की महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं तोच छापतात. तो ठेवा. (कुलगुरूंचीही गंमतच. आपल्याकडे कुलपती म्हणजे विद्यापीठाचे सर्वोच्च प्रमुख, हिंदीत कुलपति म्हणजे आपले कुलगुरू. २०२४ मध्ये मध्य प्रदेशानं कुलपतींना 'कुलगुरु' करून टाकलं, तेव्हा घरी मी एकटाच खूश झालो.)

'कार्यवाहक'ची रेघ बरोबर आहे. मराठी संस्थेत 'कार्यवाह' म्हणजे सचिव. मावशींना वाटलं असेल, सेक्रेटरीच अध्यक्ष झाले.

मावशींची भाची नाही, पण पुण्याची : मग 'हंगामी' लिहा. 'प्रभारी' म्हणजे स्वतःची खुर्ची सांभाळून दुसऱ्या खुर्चीचा भार घेतलेला. 'काळजीवाहू' राजीनामा दिलेल्या सरकारला शोभतं.

पोहेजिलेबी : हंगामी अध्यक्ष म्हटलं की आमच्या सराफ्यावरची पोरं हंगामा करणारा अध्यक्ष समजतील. पण चालेल, लिहिते.

तिळकनगर : एक खोट तुमच्या 'अध्यक्ष'मध्येही आहे. एनएएसीपीत दोन माणसं असतात : संचालक मंडळाचा अध्यक्ष वेगळा आणि रोजचा कारभार बघणारा पगारी प्रमुख वेगळा. ब्रूक्स हे दुसरे. आपल्याकडे अध्यक्ष म्हणजे सभासदांनी मतं देऊन बसवलेला, बहुधा बिनपगारी. पीयूसीएलसारखी आपल्याकडची नागरी हक्कांची संघटना घ्या. १९७६ साली जयप्रकाश नारायणांच्या पुढाकारानं ती उभी राहिली, तिचे पदाधिकारी सभासदांतूनच निवडून येतात. नुसतं 'अध्यक्ष' लिहिलंत तर वाचकाला वाटेल ब्रूक्स निवडणूक हरले. 'मुख्याधिकारी' म्हणा. त्या शब्दाला नगरपालिकेचा वास येतो हे मान्य.

म्हणूनच 'निवड' आणि 'निवडणूक' यांत गल्लत करू नका. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी २०१८ पर्यंत मतदान व्हायचं. साहित्य महामंडळानं ते बंद केलं आणि अरुणा ढेरे यवतमाळच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या त्या निवडणुकीविना, सन्मानानं. अनेकांना हायसं वाटलं, मलाही. पण 'णूक' गेली की मतमोजणीही जाते, आणि 'कोणी निवडलं, कशावरून?' हा प्रश्न उरतो. एनएएसीपीचं दुखणंही हेच. उपाध्यक्ष हंगामी होतो आणि हंगामीच कायम होतो. त्यात वावगं काही नसेलही, पण बाहेरच्या माणसाला मधल्या तीन महिन्यांत दार उघडं होतं की नुसतं लोटलेलं, हे कळायला हवं.

मावशींची भाची नाही, पण पुण्याची : आणि 'पारदर्शिता' हिंदी, 'पारदर्शकता' मराठी. विषय संपला.

तिळकनगर : संपला कसा, बाई? दोन्ही शब्द संस्कृताला धरूनच आहेत, अर्थ मात्र वेगळे. पारदर्शक म्हणजे पलीकडचा तीर दाखवणारा. पारदर्शी म्हणजे पलीकडचं पाहू शकणारा, दूरदृष्टीचा. म्हणजे संस्थेनं पारदर्शक असायचं आणि सभासदानं पारदर्शी. पुढच्या वार्षिक सभेत हे सांगणार आहे, माईक मिळाला तर.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हल्ली 'पारदर्शक' कुठेही चिकटवतात. काच शंभर टक्के पारदर्शक असते; नेता शोधणं तसं असूच शकत नाही. अर्ज करणारी बाई आज दुसरीकडे नोकरीत असते. तिचं नाव फुटलं आणि पद मिळालं नाही, तर आहे त्या नोकरीतही तिच्याकडे संशयानं बघतात. म्हणून नावं झाकायची, हे ठीक. पण त्या पांघरुणाखाली निकष, समितीत कोण कोण, पगार किती, हंगामी माणसाला अर्ज करता येतो की नाही, हेही झाकून ठेवायचं, ही झाकली मूठ. दुसऱ्यांचे हक्क मागणाऱ्या संस्थेला तर ती अजिबात शोभत नाही. शाळेत शिकलेला 'अर्धपारदर्शक' शब्द इथे प्रामाणिक ठरेल, पण छापायला कोणी तयार होणार नाही.

पोहेजिलेबी : काका, मग मी तो शब्दच काढते. आता असं लिहिलंय : "उमेदवारांची नावं गुप्त ठेवली तरी निकष, समितीतली माणसं आणि हंगामी मुख्याधिकाऱ्याला उभं राहता येतं का, हे शोध सुरू होण्याआधी सभासदांना सांगावं." चालेल?

तिळकनगर : पळेल. फक्त 'उभं राहता येतं'च्या जागी 'अर्ज करता येतो' करा. उभं राहतात ते निवडणुकीला.