पहिला पुश-पुल असेल तर मलार्ड ५-१०

घरी व्हॉल्व्हचा पुश-पुल ॲम्प्लिफायर, म्हणजे दोन आउटपुट व्हॉल्व्ह आळीपाळीने जोर लावतात तो, बांधायचा तर विल्यमसन की मलार्ड ५-१० हे डिझाइन घ्यावं, असं विचारलंत. पहिलाच ॲम्प्लिफायर असेल तर माझं मत ठामपणे मलार्डला. १९४७ चा विल्यमसन देखणा आहे, त्याच्या केटी६६ या आउटपुट व्हॉल्व्हचा आवाजही भरदार. पण त्याच्या फीडबॅक लूपमध्ये (आउटपुटचा थोडा सिग्नल परत इनपुटकडे नेणारा मार्ग) कपलिंग कपॅसिटरच्या, म्हणजे एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला देणाऱ्या कपॅसिटरच्या, दोन जोड्या आणि वर आउटपुट ट्रान्सफॉर्मर येतो. ट्रान्सफॉर्मर साधा असला तर खालच्या फ्रिक्वेन्सीला फेज सरकतो, म्हणजे परत येणारा सिग्नल वेळेत मागे-पुढे होतो, आणि स्पीकरचा कोन भक्-भक् करत हलायला लागतो. मलार्डमध्ये ईएफ८६ हा पहिला व्हॉल्व्ह थेट पुढच्या ईसीसी८३ ला जोडलेला, त्यामुळे कपॅसिटरची एकच जोडी. दोन ईएल८४ आउटपुट व्हॉल्व्हमधून १० वॅट मिळतात. घरच्या खोलीला पुष्कळ झाले.

खरा पैसा ट्रान्सफॉर्मरवर घाला. सोलापुरात मोटार वाइंडिंग करणारे मिळतात, पण हे काम निराळं आहे. प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) आणि सेकंडरीचे (स्पीकरकडची) थर आलटून-पालटून हवेत, प्रायमरीचे दोन्ही अर्धे सारखे हवेत, ८ किलोओहम प्लेट-टू-प्लेट, म्हणजे दोन ईएल८४ च्या प्लेटांमध्ये दिसणारा लोड. हे कागदावर काढूनच द्या.

आणि इथला उन्हाळा लक्षात ठेवा हो! कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे घ्या, व्हॉल्व्हपासून लांब बसवा. सप्लायच्या कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर (उरलेला चार्ज हळूहळू काढून टाकणारा) लावल्याशिवाय चालू करू नका. तो नसेल तर स्विच बंद केल्यावरही तिथे ३०० व्होल्टच्या आसपास शिल्लक राहू शकतात.