'म्हणजे नक्की काय हो?' : दुर्मीळ आडनावांचा अनुभव धागा

आमचं आडनाव जमेनीस. फोनवर सांगितलं की पलीकडून पहिल्यांदा "जमदाडे?" येतं, दुसऱ्यांदा "जमखंडीकर?", तिसऱ्यांदा मीच म्हणतो, "जमेल तसं लिहा." शाळेत गणिताच्या तासाला फळ्यापाशी उभा राहिलो की मागच्या बाकावरून हमखास, "का रे, जमेना?"

घरात मात्र या आडनावाचा थाट. आजोबा सांगायचे की आपला एक पूर्वज जबर खटपट्या माणूस. रुसलेले सरदार, अडलेली लग्नं, बुडालेली कर्जं, जे कुणाला जमत नसे ते हा जमवून आणायचा. म्हणून खुद्द पेशव्यांनी त्याला 'जमेनीस' म्हटलं. ही गोष्ट मी वयाच्या पस्तिशीपर्यंत छाती फुगवून सांगितली आहे.

मग एका जाणकार काकांनी हवा काढली. 'नीस' म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस, गडावरच्या कोठारांचा हिशेब पाहणारा कारखानीस. आणि वसुलाची जमा लिहून ठेवणारा तो जमेनीस. खटपट्या वगैरे काही नाही, कारकून! पेशवाईत मामलतदाराच्या हाताखाली असे दरकदार, म्हणजे सरकारातून नेमलेले अधिकारी, असत आणि मामलतदाराला त्यांना परस्पर काढता येत नसे, एवढंच काय ते समाधान. गंमत अशी की शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सुरनीसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. पण कुळांना जी नावं चिकटली ती बहुतेक फारसीच राहिली. सुमंत आणि डबीर दोन्ही आडनावं आजही शेजारी शेजारी नांदतात.

खरा धक्का त्र्यंबकेश्वरला बसला. वडिलांचं कार्य करायला गेलो होतो. उपाध्यायांनी गाव विचारलं, आतून जुनी वही काढली आणि दोनच मिनिटांत खापरपणजोबांची सही पुढ्यात ठेवली. मोडीत. गुरुजींनी वाचून दाखवलं: स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि शेवटी... कुलकर्णी! म्हणजे जन्मभर ज्या आडनावाची फोड करून सांगितली, त्याच्या खाली महाराष्ट्रातलं सगळ्यात सोपं आडनाव निघालं. जमेनिशी नंतर कुणाला तरी मिळाली असणार. कुलकर्णी म्हणजेही कारकुनीच म्हणा.

तर मंडळी, तुमचं आडनाव विरळा असेल तर लिहा. घरात सांगतात ती गोष्ट आणि कागदात सापडते ती गोष्ट, दोन्ही येऊ द्या.

—

दीडमिशे

आमच्याकडे कागद शून्य, गोष्टी तीन. काकांच्या मते लढाईत शत्रूच्या तलवारीने पूर्वजाची अर्धी मिशी उडाली आणि तो तसाच लढत राहिला. आत्याच्या मते पैज हरला. आजीला विचारलं तर म्हणाली, "कसली लढाई नि कसली पैज! न्हाव्याचे पैसे थकवले होते, त्यानं अर्ध्यात सोडून दिलं." मी आजीच्या बाजूने.

कुरिअरवाला दारात आला की आधी माझ्या तोंडाकडे बघतो. मी सफाचट ठेवतो.

—

दहातोंडे, नगर जिल्हा

मराठीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाकीची नऊ कुठं ठेवून आलास?" आज मी स्वतः शिक्षक आहे आणि पोरं मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. दसऱ्याला गावाकडे आमच्याशी कोणी फार बोलत नाही, एवढंच.

—

उकिडवे (लग्नानंतरची)

माहेरचं आडनाव अगदी सरळ, तीन अक्षरी. स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा चांगला, घर चांगलं, नोकरी चांगली, आणि आईचा चेहरा पडलेला. "अगं, पण आडनाव!" मावशीने तर विचारलंन, "बदलून नाही का घेत ते?" चहापोह्यांच्या वेळी सासरे स्वतःच म्हणाले, "आम्ही नीट मांडी घालून बसतो हो." त्या एका वाक्यावर मी होकार दिला असं नवरा सांगतो, ते सत्तर टक्के खरं आहे.

त्रास कागदावर. रेशनकार्डावर 'उकिरडे' होतं, ते दुरुस्त करायला गेले तर 'उकडवे' होऊन आलं. आता आमची शिधापत्रिका वाचली की मोदकांची आठवण येते.

सासरी कुलवृत्तांत नाही. कोकणस्थांत चौदा गोत्रं आणि साठ मूळ आडनावं असं परंपरेने मोजतात, बाकीची त्यांच्या फांद्या. म्हणजे आम्हीही कधीतरी कुणीतरी दुसरे होतो. सासूबाईंना हे पटत नाही. "आपण पहिल्यापासून उकिडवेच," म्हणतात, आणि हे अशा अभिमानाने, की विषय संपतो.

—

धागाकर्ता जमेनीस

सासूबाईंना साष्टांग. पण आडनाव बदलण्यात मोठमोठे आघाडीवर आहेत हो. नाना फडणवीस मूळचे भानू. विंचूरकर हे दाणी. रास्ते हे गोखले. कान्होजी आंग्र्यांचं घराणं संकपाळ, आंगरवाडीवरून आंग्रे झालं. पेशवे तर श्रीवर्धनचे भट. पद मिळालं, जहागीर मिळाली, गाव सुटलं की आडनाव पालटायचं. त्याला ना अर्ज लागे ना प्रतिज्ञापत्र.

—

झिराडकर, इस्रायल

माझं मराठी आजीचं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या लोकांची आडनावं कोकणातल्या गावांवरून: झिराडकर, केहिमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर. कुलाबा जिल्ह्यातल्या (आताच्या रायगडातल्या) त्या गावांत आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवारतेली' म्हणायचे.

हिब्रूत 'झ' लिहायला अक्षर नाही. 'ज़' घ्यायचं आणि शेजारी वर एक टिंबासारखी रेघ द्यायची. ती रेघ सरकारी कार्यालयातला प्रत्येक कारकून विसरतो. शाळेत मुलांना वाटायचं मी रशियाची किंवा पोलंडची असेन. "हे कुठलं आडनाव?" "इंडियन." "मग कपूर का नाही?" आमच्यातल्या बऱ्याच जणांनी सरळ हिब्रू आडनावं घेतली. बाबा म्हणाले, गाव सोडलं ते पुरे झालं.

सहा वर्षांपूर्वी मी आणि बहीण अलिबागला आलो. मुंबईहून लाँचने मांडवा, तिथून रिक्षा. रस्त्यात पाटी दिसली: झिराड. मी रिक्षा थांबवली. जगात आमचं आडनाव जिथं तिथं मला फोड करून सांगावं लागतं, आणि इथे ते रस्त्याच्या कडेला पाटीवर, देवनागरीत, कुणाला काही न विचारता उभं! टपरीवर लिंबू सरबत घेतलं. म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, "कुठल्या तुम्ही?" बहीण म्हणाली, "इथल्याच." त्याने आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मग इतके दिवस होता कुठं?"

नंतर अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनबीच्या, म्हणजे आमच्या प्रेषित एलियाच्या, जागी जाऊन आलो, तिथे खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात. मलिदा केला. पोहे, नारळ, साखर, फळं. रिक्षावाल्याने दोनदा मागून घेतला.

—

राघू, मॉरिशस

नमस्कार. माझे मराठी शाळेत शिकलेले आहे. आमचे आडनाव राघू आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्यातला 'ह' गेलेला आहे, म्हणून इथे सगळे 'रागू' म्हणतात.

मोका येथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या, जुन्या नोंदी ठेवलेल्या आहेत. मी माझ्या आजोबांच्या आजोबांची नोंद शोधली. क्रमांक, जहाज, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा रत्नागिरी. आडनावाचा रकानाच नाही. बापाच्या नावाचा रकाना आहे. त्यात 'राघू'. कारकुनाने विचारले असेल, बापाचे नाव काय, आणि तेच पुढे मुलांना, नातवांना लागले. म्हणजे जो माणूस कधी जहाजात बसलाच नाही, कोकणातच राहिला आणि कोकणातच मेला, त्याचे नाव आम्ही साठ-सत्तर माणसे इथे लावतो.

खरे आडनाव काय होते ते वडील फार शोधत होते. मी शोधणे सोडले. गणपतीत आम्ही झाकरी नावाचा नाच नाचतो. रत्नागिरीच्या एका पाहुण्यांनी सांगितले की त्यांच्याकडे याला जाखडी म्हणतात, आणि पाय तसेच पडतात.

—

नाव नको

मी आडनाव लिहीत नाही. कारण तेच: या आडनावाची जगात आम्ही चारच माणसं आहोत, लिहिलं की पत्ता लिहिल्यासारखं होईल. तुम्ही लोक दुर्मीळ आडनावाच्या गमती सांगता, आमच्याकडे ते मुद्दाम तयार केलेलं आहे.

आमचं जुनं आडनाव ऐकलं की गावात विहिरीवर कुठे उभं राहायचं ते ठरायचं. वडील शहरात आले, शिकले. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग "अच्छा" म्हणाले. त्या "अच्छा"ची नक्कल वडील मरेपर्यंत हुबेहूब करायचे. दोन महिन्यांनी त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात छापून आणलं आणि गावाच्या नावाला 'कर' लावलं. राजपत्राचा तो कागद अजून आईच्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या फोटोच्या खाली. चुलत्यांनी बदललं नाही. ते म्हणाले, ज्यांनी लाज वाटून घ्यायची ते दुसरे आहेत. वडील आणि चुलते, दोघांचंही मला पटतं, आणि दिवाळीत दोन्ही घरी जाताना त्याचाच विचार डोक्यात असतो.

'कर' लावून काही फार साधलं नाही हेही सांगतो. आता लोक विचारतात, "हे आडनाव कधी ऐकलं नाही. मूळचं काय?"

—

तंजावरचे राव

आमची तक्रार उलटी. आडनाव आहे, पण ते कुणी वापरतच नाही. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात आमचे लोक कारकुनीला गेले, 1855 साली राज्य खालसा झालं तरी तिथेच राहिले. तमिळ मुलखात वडिलांच्या नावाचं अद्याक्षर पुढे, मग आपलं नाव, मागे 'राव'. आडनाव फक्त लग्न जमवताना कानात सांगायची गोष्ट. मला ते कळलं पंचविसाव्या वर्षी, मुलगी बघायला गेल्यावर! मुलीच्या आजोबांनी विचारलं, "तुमचें घराणें कोणतें?" आणि मी बावळटासारखा बाबांकडे पाहिलं. बाबा आजीकडे. आजीने सांगितलं.

परदेशी जायच्या वेळी अर्जात आडनावाचा रकाना भरावाच लागला, तिथे 'राव' टाकलं. आता आमचं कार्यालय आंध्रच्या रावांनी भरलेलं आहे आणि उगादीला मला सगळे तेलुगूत शुभेच्छा देतात.

—

सरनोबत, कोल्हापूरकडचे

आमच्याकडे वही नाही, वंशावळ सांगणारा हेळवी येतो. सुगी झाली की. पूर्वी नंदीवर बसून यायचा, आता फटफटीवर. अंगणात बसतो, पाणी पितो, आणि पंधरा-सोळा पिढ्या घडाघडा म्हणतो. कुणाला किती पोरं, कोण कुठं वारला, कोण भांडून गेला, मधे कानडी, मधे मराठी. नवीन जन्मलेल्या पोरांची नावं टिपून घेतो. धान्य, पैसे, जुनं धोतर. पोरीची नोंद घेत नव्हता, गेल्या खेपेला माझ्या बहिणीने अडून बसून घ्यायला लावली.

त्यानं सांगितलं, तुम्ही सरनोबत नंतरचे, आधीचे चव्हाण. थोरल्या आज्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सरनोबत म्हणजे फौजेचा नाईक, आम्ही त्या ऐटीत वाढलेलो. हेळव्याला म्हणाला, "कुठल्या लढाईत पद मिळालं ते सांग." हेळवी म्हणाला, "लढाया माझ्याकडं नसत्यात. माझ्याकडं फक्त माणसं."

—

धागाकर्ता जमेनीस

हेळव्याच्या वाक्यावर मी अर्धा तास बसून होतो. माझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर त्यालाही काहीतरी 'जमवून' आणायला लावलं असतं.

—

जमेनीस (दुसरे)

अहो, थांबा! मीही जमेनीस. आयुष्यात घराबाहेरचा पहिला जमेनीस भेटला. आमच्याकडेही अगदी हीच गोष्ट, न जमणारं जमवून आणणारा पूर्वज. फक्त आमच्यात पेशवे नाहीत, छत्रपती शाहू महाराज आहेत, आणि भांडण सरदारांचं नाही, दोन सवतींचं.

कारकुनाचं आमच्या घरी सांगू नका, वडील ऐंशीचे आहेत. बाकी ते म्हणतायत आधी विचार: गोत्र कोणतं, कुलदैवत कुठलं, आणि त्र्यंबकच्या त्या गुरुजींचा नंबर आहे का?