आल्प्समध्ये नुसता बर्फ न् गायी नाहीत हो
वर कुणीतरी लिहिलंय की आल्प्समध्ये बर्फ न् गळ्यात घंटा बांधलेल्या गायी सोडल्या तर काय नाही, जनावरं बघायची तर आपला चोर्ला घाटच बरा. चोर्ला बराच की, त्यात वाद नाही, पण आयबेक्सला विसरून कसं चालेल? डोंगरी बोकडच तो, नराची शिंगं मागं वळलेली, मीटरभर लांब होतात. शिकारीपायी 19व्या शतकात इटलीतल्या ग्रान पाराडिसोच्या डोंगरात शेवटचे शंभरेक उरले होते, मग 1856 ला राजानं ते रान स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवलं न् गंमत बघा, राजाच्या हौसेपायीच ते वाचले, 1922 ला तिथं नॅशनल पार्क झालं.

इटलीतच चिंजीनो म्हणून धरण आहे, तिथं हे जवळपास उभ्या भिंतीवर चढून दगडांतलं मीठ चाटतात, कारण वरच्या गवतात मीठ कमी. खुराची कड टणक न् मधला भाग रबरासारखा मऊ, म्हणून पकड बसते. व्हिडिओ बघताना मला तिलारीचं धरण आठवलं, आमच्या घरची शेळी तर गोठ्याची पायरी चढायला पण नखरे करते.

मार्मोट राहिलाच की. गुबगुबीत खारीच्या जातीतला, धोका दिसला की शिट्टी मारतो, थंडीत बिळाचं तोंड बुजवून सगळं कुटुंब सहा महिने झोपतं. खानापूरच्या पावसात मलापण तेच करावंसं वाटतंय.