भयकथा छोट्या मासिकांना द्यावी का? (दिघ्याच्या गोष्टीचं काय झालं)

खाडीकाठ (ठाणे)
ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. ठाणे-वाशी मार्गावरचं दिघा गाव स्टेशन बांधून तयार होतं, पण एकही लोकल थांबत नव्हती. वाशीहून रात्री परतताना ऐरोली सुटली की खिडकीतून तो रिकामा फलाट सरकताना दिसायचा. त्यावर १८०० शब्द लिहिले. शेवटच्या गाडीतला एक माणूस रोज दिघ्याला उतरतो. गाडी थांबत नाही, तरी उतरतो. बस, एवढंच.

एका त्रैमासिकाला पाठवली. चार महिने चिडीचूप, मग 'स्वीकारली आहे, यथावकाश छापू'. १२ जानेवारी २०२४ ला स्टेशन सुरू झालं. गोष्ट आली त्या वर्षीच्या दिवाळी अंकात! तोवर दिघ्याला रोज डबाभर माणसं उतरत होती. वर, न विचारता शेवटी एक वाक्य चिकटवलं: तो माणूस म्हणजे बांधकामावर मेलेला मजूर होता. मानधन म्हणाल तर अंकाच्या २ प्रती.

माझ्यापुरतं ठरलं. भयकथा ऑडिओवाल्यांना द्या, गोष्टी वाचून ऐकवणाऱ्यांना. आठवड्यात हो की नाही ते तरी कळतं.

वाशीवाली
ऑडिओचा अनुभव मी घेतलाय. 'पहिल्या मिनिटात काहीतरी घडू दे' म्हणाले. माझ्या गोष्टीत बाई अर्धा वेळ नुसतं कपाट आवरते. त्यांनी खाली वारा घातला, दार करकरवलं, कुत्रं रडवलं. आमच्या सेक्टरमधली कुत्रीही इतकी रडत नाहीत. कागदावर दोन परिच्छेदांमधली मोकळी ओळ वाचणाऱ्याला एकट्याला गाठते. ते काम छापील पानच करतं, आणि तसं पान आज छोटी मासिकंच देतात.

वाक्य चिकटवलं ते वाईटच. पण स्टेशन सुरू झाल्यावर गोष्ट मेली असेल, तर ती भयकथा नव्हती हो, बातमी होती. मला तर आताच ती जास्त भीतीदायक वाटते. आधी उतरणारा एकटा होता, ओळखू यायचा. आता पन्नास जण उतरतात.

जुना वर्गणीदार
दोघंही छोट्या मासिकांना नको ते श्रेय देताय. मराठीत गूढकथेचा वाचक त्यांनी घडवलेला नाही. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' काढला, पुढे 'नवल'. गूढ, भय, विज्ञान या कथांना हक्काची जागा मिळाली ती अशा खपणाऱ्या अंकांमध्ये. नारायण धारप, रत्नाकर मतकरी हे भयकथा-गूढकथावाले घरोघरी वाचले गेले. रेल्वेच्या स्टॉलवरून, लायब्ररीतून, पाठीचा कणा निघालेल्या प्रतींमधून. साठच्या दशकातली लघुनियतकालिकं मोठी, मान्य. पण तिथे दबदबा कवितेचा आणि बंडाचा. भुताला त्यांनी दारात उभं केलं नाही.

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३ पासूनचं आहे, तरुणांनी कधी जावं) जुने अंक चाळा. कुठल्या पानांच्या कडा काळ्या पडल्यात ते बघा.

तीनशे प्रती
मी असंच एक अनियतकालिक काढतो, नवी मुंबईतून. काका, स्टॉल उरलेत कुठे? आमच्या जाहिराती म्हणजे एक क्लासवाला आणि एक मसालेवाली. कागद, छपाई, टपाल यातून काही उरलं तर लेखकाला देऊ. अजून उरलेलं नाही. अंक रखडतो तो क्लासवाल्याचा चेक रखडतो म्हणून. साहित्यिक कारण नसतं.

आणि कबूल करतो, एकदा मीही एका कथेला शेवट जोडलाय. आधीच्या अंकानंतर वर्गणीदारांचे फोन आले होते, 'शेवटी झालं काय? पान राहिलंय का छापायचं?' घाबरलो. लेखिकेने नंतर दोन वर्षं फोन उचलला नाही. बरोबरच केलं तिने.

खाडीकाठ
तीनशे प्रती, तुमचा प्रामाणिकपणा आवडला. पण 'यथावकाश' ऐवजी 'चेक आला की' असं लिहिलं असतं तर मी वाट तरी शहाण्यासारखी बघितली असती. वाशीवाली, बातमी म्हणालात ते लागलं. अजून उत्तर सुचलेलं नाही.

कलम एकोणीस
मधेच बोलतो. करार सही केला होता का? नसेल तर गोष्ट तुमचीच आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. २ प्रती हातात ठेवल्या म्हणून हक्क जात नाहीत. मूळ शेवटासह कुठेही छापा.

खाडीकाठ
सही कसली, पत्रसुद्धा नाही. मग ते मजुराचं वाक्य उडवतो. स्टेशन बंद असल्याचा परिच्छेदही उडवून पाहिला काल रात्री. गोष्ट उभी राहते. जरा जास्तच उभी राहते.

जुना वर्गणीदार
मग द्या एखाद्या खपणाऱ्या दिवाळी अंकाला.

तीनशे प्रती
काका, थांबा. खाडीकाठ, आमच्याकडे पाठवा. स्वल्पविरामालाही हात लावणार नाही. तारीख मात्र विचारू नका.