अनुभव धागा: तुम्ही पाहिलेलं पिल्लू आणि तुमच्यासमोर रिकामा झालेला पिंजरा

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, पण लहानपण परळच्या चाळीत गेलं आणि गावाहून कोणी पाहुणे आले की त्यांना राणीची बाग दाखवायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे वर्षातून चार-पाच फेऱ्या व्हायच्याच. नववीत असताना एका वहीत लिहायला लागलो, कुठल्या पिंजऱ्यात कोण आहे, किती आहेत, पिल्लू दिसलं का, पाटी बदलली का. आता रत्नागिरीला असतो तरी मुंबईला गेलो की एक सकाळ बागेसाठी ठेवतोच.

वहीतली सगळ्यात जड पानं पेंग्विनची आहेत. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, ऑक्टोबरमध्ये त्यातला एक गेला, मार्च २०१७ मध्ये लोकांना बघायला मिळाले. मग १५ ऑगस्ट २०१८ ला मोल्ट आणि फ्लिपरच्या अंड्यातून पिल्लू बाहेर आलं, भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन. आमच्या घरात अक्षरशः पेढे आणले. आठवडाभरात ते गेलं. अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात जिरून जायला लागतो, पहिले काही दिवस तेच त्याचं जेवण असतं, तो याच्या पोटात जिरलाच नाही. त्या दिवशी मी वहीत फक्त तारीख लिहू शकलो. नंतर १ मे २०२१ ला डोनाल्ड आणि डेझीचा ओरिओ झाला, तो जगला, आणि मग थवा वाढत दुपटीच्या वर गेला. लोक अजून म्हणतात की बर्फातला पक्षी मुंबईत कशाला आणला, तर हम्बोल्ट बर्फातला नाहीच, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा आहे, त्याला थंड पाणी लागतं कारण तिथला समुद्राचा प्रवाह थंड आहे. आणावं का नाही यावर जरूर बोला, पण आधी पक्षी कुठला ते तरी माहिती करून घ्या.

तर लिहा. स्वतः पाहिलेलं लिहा, ऐकीव नको. जन्म, नवीन आलेला प्राणी, दुसरीकडे पाठवलेला प्राणी, काहीही. आणि जमलं तर साल लिहा.

चिपळूण

शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून भायखळ्याला आली, त्या आधी कितीतरी वर्षं राणीच्या बागेत वाघ नव्हताच. नोव्हेंबर २०२१ मध्ये करिश्माला बछडा झाला, वीरा. मी डिसेंबरात मुलांना घेऊन गेलो तर बछडा दाखवत नव्हते, पिंजऱ्याजवळ एक काका मोठमोठ्याने बोलत होते की तिकीट काढलंय मग दाखवत का नाही. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, काका, वाघीण साडेतीन महिन्यात विते, बछडे डोळे मिटलेले असतात, आईला जरा जरी धोका वाटला तर ती त्यांना तोंडात धरून जागा बदलत फिरते, कधी दूध पाजणंच सोडते. ऐकून घेतलं त्यांनी. आम्ही उन्हाळ्यात परत गेलो तेव्हा वीरा दिसली, आईच्या शेपटीवर झडप घालत होती आणि करिश्मा डोळे मिटून पडलेली. माझी धाकटी दीड तास तिथून हलली नाही, चालता चालता विचारते, बाबा तिला माहितीय का आपण आधी पण आलो होतो?

सावंतवाडी

आमका मुंबई लांब, बोंडला जवळ. गोव्यातलं एवढंसं अभयारण्य आणि त्यात छोटा झू, शाळेच्या सहली सगळ्या तिथेच. मला सांगायचंय ते गव्याच्या वासराबद्दल. आमच्याकडे गवा म्हणजे रात्री नाचणीत घुसणारा, आंबोलीच्या घाटात गाडीसमोर उभा राहणारा, सगळे त्याला टरकून असतात. बोंडल्याला माझ्या आजीने पहिल्यांदा गव्याचं वासरू नीट पाहिलं. जन्मतः ते काळं नसतंच, फिकट सोनेरी असतं, नंतर कॉफीसारखं होत जातं. आजी कुंपणाला धरून म्हणाली, "तां आवशीक सोडूक तयार नाय गो." शेताची नासधूस झाली की गव्याला शिव्या घालणारी बाई, ती अर्धा तास कौतुक करत होती. मला वाटतं झू चा खरा उपयोग तो आहे.

अजून एक. चितळं एवढी होती पूर्वी की विचारू नका, मग काही झू मध्ये नर आणि माद्या वेगळ्या कुंपणात दिसायला लागल्या. लोक म्हणतात पिल्लंच होत नाहीत म्हणजे निगा नाही. तसं नाहीये. चितळ वर्षभर विऊ शकतं, जागा आणि चारा तेवढाच, सोडायला जंगलात सरसकट सोडता येत नाही कारण रोग पसरतात, मग संख्या आवरायलाच लागते. पिल्लू नसणं हा पण कधीकधी विचार करून घेतलेला निर्णय असतो.

मंडणगड

झू चा नाही हा अनुभव, चालत नसेल तर सांगा. आमचं घर वेळासजवळ. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले मादी रात्री येते, एका घरट्यात शंभरेक अंडी, ती काढून वाळूतच कुंपण केलेल्या हॅचरीत परत पुरायची, कुत्री आणि कोल्हे यांच्यापासून वाचवायला. पंचेचाळीस ते साठ दिवस. प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलायची आणि सगळे श्वास रोखून बघतात, कधी नुसती वाळू, कधी एकावर एक चढलेली पिल्लं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त होतात, त्यामुळे आता उन्हाळा लवकर चढला की मला पिल्लांच्या आधी वाळूचीच काळजी वाटते.

पण खरं सांगायचं म्हणजे हे सगळं पिल्लू पाण्यात गेलं की संपायचं, पुढे काय ते कळायचंच नाही. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये पाच माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवले, आमच्या वेळासच्या मादीचं नाव प्रथमा. रोज मोबाईलवर बघायचो कुठे पोचली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला जी मादी अंडी घालायला आली तिला ओडिशात २०२१ साली टॅग केलेलं होतं! पूर्वेचं कासव पश्चिमेला. ते ऐकून आमच्याकडचे म्हातारे कासवमित्र गप्पच झाले होते थोडा वेळ.

(धागाकर्ता: चालतंय काय, उलट हवंच आहे. पिल्लू सोडल्यावर कुठे गेलं हा प्रश्न माझ्या वहीत पण सगळीकडे अर्धवट आहे.)

मालवण, पूर्वी गिरगाव

मी जन्माचं नाही लिहित. बागेत लक्ष्मी आणि अनारकली दोन हत्तिणी होत्या. लक्ष्मी गेली आणि अनारकली एकटी राहिली. त्यानंतर मी एकदाच गेले. हत्तीण सोबतीशिवाय राहणारा प्राणी नाही, जंगलात आई, मावश्या, बहिणी सगळ्या बरोबर असतात. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच सांगितलं होतं की झू मधले हत्ती मोकळ्या जागी हलवा. म्हणजे निर्णय होऊन वर्षं लोटली. तिने सोंडेने पाला घेतला, झटकला, खाल्ला नाही, तेवढंच आठवतं.

अलिबाग

मी लहानपणी सहलीत पांढरा वाघ पाहिला आणि वेडा झालो होतो, आता मात्र पांढरे बछडे झाल्याची बातमी आली की आनंद होत नाही. १९५१ साली रेवाच्या जंगलात मोहन नावाचा एक पांढरा बच्चा पकडला, पुढे त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे झाले. पांढरा रंग टिकवायला पुढेही जवळच्या नात्यातच जोड्या लावत राहिले. डोळे तिरळे, पाठीचा कणा वाकडा, हे सगळं त्यातून आलं. वंशावळीची वही नीट ठेवून, लांबच्या नात्यातली जोडी लावून झालेलं साध्या पिवळ्या वाघाचं एक पिल्लू मला दहा पांढऱ्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कचं उदाहरण चांगलं आहे. २०२२ च्या शेवटी जुनागढच्या सक्करबागेतून सिंहाची जोडी आली, मानस आणि मानसी, बदल्यात आपले वाघ तिकडे गेले. जानेवारी २०२५ मध्ये मानसीला छावा झाला. मे महिन्यात भाच्याला घेऊन गेलो होतो पण गर्दीत काही धड दिसलं नाही, थंडीत परत जाणार.

रत्नागिरी

झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघून मला माशांचं वेड लागलं. आता घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, क्लाऊनफिशची जोडी. यांच्यात जोडीतली मादी मेली तर नर स्वतः मादी होतो, हे वाचलेलं होतं पण माझ्या टाकीत झालं तेव्हा आठ महिने मी रोज बघत होतो. मग दगडावर केशरी अंड्यांची चादर. नर पंखांनी वारा घालतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून टाकतो, जेवायला पण धड जात नाही. आठवड्याभराने अंडी चंदेरी दिसायला लागतात, ते पिल्लांचे डोळे असतात, आणि अंधार पडल्यावर फुटतात. पहिल्या तीन वेळेस सगळी मेली, खायला एवढं बारीक काही देता येत नव्हतं मला. चौथ्या वेळेस अकरा जगली. चार माझ्याकडे आहेत, सात लोकांना दिली, कोणाला दिली ते लिहून ठेवलंय.

(धागाकर्ता: अकराच्या अकरा उतरवून घेतली वहीत. सावंतवाडीकर, ते गव्याचं वासरू कुठल्या वर्षी पाहिलंत? आजीला विचारा ना, मी ओळ रिकामी सोडली आहे.)